हाली की कलदार?

बी.ए.च्या मुलांच्या छप्पन्न फाइली समोर होत्या आणि हातात एकच रविवार. तासिका तत्त्वावरच्या मास्तरला तासाचे पैसे मिळतात, तपासण्याचे नाहीत. त्यामुळे जेवणाआधी वीस, जेवणानंतर वीस आणि उरलेल्या इशानंतर, असा माझा हिशोब असतो. विषय मीच दिलेला होता, उमरीची बँक लूट. 30 जानेवारी 1948 रोजी हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या कार्यकर्त्यांनी आमच्या गावातली हैदराबाद स्टेट बँक लुटली आणि तो पैसा लढ्याच्या कामी लावला. उमरीच्या पोराला ही गोष्ट शाळेपासून पाठ असते. 17 सप्टेंबरच्या झेंडावंदनाला ती भाषणात हमखास येते. मला वाटलं, गावातलाच विषय आहे, मुलं चार म्हाताऱ्या माणसांना विचारतील, वाचनालयात जातील, काहीतरी हाती लागेल.

अकराव्या फाइलीत थबकलो. ‘हैदराबाद मुक्तिसंगम’ असं लिहिलेलं. संग्रामातला ‘ग्रा’ गळून नुसता ‘ग’ उरला होता. मागे जाऊन पाहिलं तर आधीच्या चार फाइलींतही संगमच. शेवटी मोजले. तेवीस जणांनी मुक्तीचा संगम घडवून आणला होता.

पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार झाली. 1919 ते 1966, इतकी वर्षं ते काम चाललं. वेगवेगळ्या लिपींतल्या पोथ्या समोर ठेवायच्या, कुठल्या पोथ्यांत एकसारखी चूक आहे ते बघायचं आणि कुणी कुणावरून उतरवलं ते ताडायचं, ही त्यातली एक रीत. मी त्याच रीतीने निघालो आणि दोन फोनमध्ये मूळ पोथी सापडली. मागच्या वर्षीच्या एका मुलाची फाइल झेरॉक्सवाल्याकडे ठेवलेली होती, पानाला दोन रुपये. गंमत म्हणजे टाइप केलेलं चालणार नाही, हातानेच लिहा, हा नियम आम्हीच केलेला, नक्कल होऊ नये म्हणून. मुलांनी नक्कल हाताने केली, एवढाच फरक पडला.

शेवटचं पान ‘संदर्भ’. त्या पानाला दोन गुण असतात, म्हणून ते सगळ्यांकडे होतं. बहुतेकांनी लाल-हिरव्या पेनाने चौकट काढली होती. चौकटीत गुगल, विकिपीडिया, यूट्यूब आणि सरांच्या नोट्स. एकाने प्रामाणिकपणे लिहिलं होतं, ‘स्वतःचे विचार’. दोघांच्या याद्यांना मात्र रुबाब होता. लेखक, ग्रंथ, प्रकाशन, वर्ष, पृष्ठ, सगळं जागच्या जागी. त्यातला एक लेखक खरा, मराठवाड्याच्या इतिहासावर लिहिणारा. पण ते पुस्तक त्याने कधी लिहिलेलंच नाही. मुलाला विचारलं तर म्हणाला, सर, मोबाइलमधल्या एआयने दिलं. पान नंबरसुद्धा त्यानेच दिला होता. त्या फाइलीला मी आधीच नऊ गुण देऊन बसलो होतो. ते नंतर खोडले नाहीत, हेही सांगून टाकतो.

लुटीच्या रकमेचं तर विचारू नका. कुणी वीस लाख लिहिले, कुणी एकवीस, कुणी पार हजारापर्यंत आकडा दिला. आकडा कुठून आला ते एकानेही लिहिलं नव्हतं. मीही तिथे लाल पेन लावलं नाही. खरं म्हणजे वर्गात मीसुद्धा ‘वीस लाख’ असंच सांगितलं होतं आणि कुठून घेतलं ते सांगितलं नव्हतं.

एक्केचाळिसावी फाइल एका मुलीची. चारच पानं, अक्षर बारीक, चौकट नाही. एका पुस्तकाचं नाव आणि पान नंबर. आणि मजकुरात हे वाक्य होतं: बँकेतून नेलेली रक्कम पुस्तकात दिली आहे, पण ती हाली होती की कलदार हे दिलेले नाही, माझ्या पणजीने मला हे विचारले.

मी समासात लाल पेनाने ‘संदर्भ?’ लिहिलं आणि दहापैकी सहा दिले. पुढची फाइल घेतली.

हाली आणि कलदार हे आजच्या मुलांना सांगावं लागतं. निजामाच्या राज्याचा स्वतःचा रुपया होता, उस्मानिया सिक्का. लोक त्याला हाली म्हणत. इंग्रजी मुलखात चालायचा तो कलदार. साधारण सात हालीला सहा कलदार असा भाव. म्हणजे वीस लाख हाली असतील तर कलदारात सतरा लाख आणि काही हजार. तीन लाखांच्या जवळपास फरक, तोही 1948 सालचा. आणि ज्या बँकेवर छापा पडला ती 1941 साली स्थापन झालेली, निजामाच्या चलनाचा कारभार सांभाळणं हे तिच्या मुख्य कामांपैकी एक. तिथून गेलेल्या पैशाबद्दल बोलताना पहिला प्रश्न हाच पडायला हवा. छप्पन्नपैकी पंचावन्न फाइलींना तो पडला नव्हता. इतिहासात एम.ए. केलेल्या मलाही पडला नव्हता. कधी शाळेत न गेलेल्या एका म्हातारीला पडला होता आणि मी तिच्या वाक्यासमोर प्रश्नचिन्ह काढून मोकळा झालो होतो.

हे शहाणपण मला रविवारी रात्री आलं नाही. सोमवारी ती मुलगी स्टाफरूमच्या दारात उभी राहिली तेव्हा आलं.

‘‘सर, संदर्भ दिलाय की. पणजी.’’

‘‘पणजी हा संदर्भ नसतो,’’ मी म्हणालो. सवयीने.

‘‘मग नाव लिहू? तुम्ही सांगितलं होतं, यादीत आडनाव आधी. बडी नानीला आडनाव नाही सर. राशन कार्डावर नुसतं नाव आहे, पुढे ‘बी’. मग ‘बी’ आधी लिहायचं का?’’

स्टाफरूममधले दोघे हसले. ती हसली नाही. तिला खरंच उत्तर हवं होतं आणि ते माझ्याकडे नव्हतं. मी म्हणालो, बघतो, दोन दिवसांनी ये.

दोन दिवस मी काय बघितलं? माझा स्वतःचा लघुप्रबंध काढला. एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला लिहिलेला, निजामकाळातल्या मराठवाड्यातल्या शिक्षणावर. सोनेरी अक्षरांची काळी बांधणी, अजून कपाटात वरच्या खणात आहे. अम्मी पाहुण्यांना दाखवायची. मागे चौसष्ट ग्रंथांची यादी. मी खूण करत गेलो, यातलं खरोखर हातात धरलेलं कुठलं? अनंत भालेरावांचं ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ वाचलं होतं, त्यावर पेन्सिलीच्या खुणा केलेल्या मला आठवतात. तसे एकूण नऊ निघाले. बाकीचे पंचावन्न मी दोन जुन्या प्रबंधांच्या मागच्या पानांवरून उतरवले होते. यादी जितकी लांब तितका अभ्यास दांडगा, असं आम्हाला वाटायचं. मार्गदर्शकांनाही वाटायचं.

याद्या निदान मागे असतात, कुणी बघत नाही. तळटीपांचं जास्त वाईट होतं. ‘तत्रैव’ या शब्दाचा अर्थ मला तेव्हा माहीत नव्हता. इतिहासाच्या पुस्तकांत तो जागोजागी दिसतो, म्हणून भारदस्त वाटायचा. आत्ता वर जे पुस्तक सांगितलं त्यातच, असा त्याचा साधा अर्थ. मी दुसऱ्याच्या तळटीपा उचलताना मधल्या काही गाळल्या, काही घेतल्या, आणि ‘तत्रैव’ तसेच ठेवले. झालं काय की माझा प्रत्येक ‘तत्रैव’ भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवत होता. मदरशांच्या संख्येला आधार म्हणून एका चरित्राचं पान लागलं होतं. परीक्षकांनी तोंडी परीक्षेत हवापाण्याची चौकशी केली, चहा झाला, मला प्रथम श्रेणी मिळाली.

आणि सेतु माधवराव पगडी. हा माणूस आमच्याच भागातला, 1910 साली निलंग्यात जन्मलेला. फारसी, उर्दू आतून जाणणारा. फारसी कागद स्वतः वाचून त्यांनी ते मराठीत आणले, म्हणून माझ्यासारख्या फारसीचं अलिफ न येणाऱ्याला ते वाचता आले. मी त्यांच्या पुस्तकातून चार उतारे घेतले आणि खाली पगडींचं नाव न लिहिता थेट फारसी दफ्तराचं नाव लिहिलं. जणू दिवे लावून मीच दफ्तरखान्यात बसलो होतो. मुलं झेरॉक्सवाल्याचं नाव लपवतात. मी पगडींचं लपवलं. दोन्हींत माझी चोरी मोठी, कारण मी त्यांच्या डोळ्यांचे कष्ट स्वतःच्या नावावर घेतले. मला तर तेव्हा ती चोरी वाटलीही नव्हती. मूळ साधनाचं नाव दिलं म्हणजे उलट जास्त शास्त्रशुद्ध झालं, असं वाटलं होतं.

आता यावर कायदा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 मध्ये वाङ्मयचौर्याचे नियम आणले. साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही, पुढे चाळीस आणि साठ टक्क्यांच्या पायऱ्या, साठच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. सलग चौदा शब्दांपर्यंत योगायोगाने जुळले तर ते सोडून द्यायचे, इतकं बारीक लिहिलंय. आमच्याकडे पीएच.डी. करणारे मित्र या टक्क्यांवर बोलतात तेव्हा साखरेचा रिपोर्ट आणल्यासारखं बोलतात. कितीवर आलं? बारा. मग शब्द फिरव, खाली येईल. शब्द फिरवून टक्का खाली येतो. कुणाकडून घेतलं ते सांगायचं राहूनच जातं.

पण त्या नियमांत एक ओळ अशी आहे जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि जिच्याबद्दल कुणी बोलत नाही. कशाला हे नियम लागू आणि कशाला नाही, याची व्याख्या करताना असाइनमेंट, प्रकल्प अहवाल, निबंध, उत्तरपत्रिका हे सगळं स्पष्ट वगळलं आहे. व्यवहार म्हणून ते बरोबरही असेल. बी.ए.च्या पोराची नोंदणी रद्द करायला कोण निघालंय? पण त्याचा परिणाम असा की पोरगं तीन-पाच वर्षं जिथे लिहायला शिकतं तिथे कुणी काही विचारत नाही आणि पीएच.डी.च्या दारात अचानक मशीन उभं राहतं. ज्याला कधी सांगितलंच नाही की पुस्तकाच्या पहिल्या पानामागे आवृत्ती आणि वर्ष छापलेलं असतं, त्याला तिथे टक्केवारी विचारतात. मी पाच वर्षं शिकवतोय. संदर्भ कसा द्यायचा यावर एक अख्खा तास मी कधी घेतला नव्हता. ‘शेवटी संदर्भ लिहा, दोन मार्क आहेत’ एवढं सांगितलं होतं. मुलांनी दोन मार्कांएवढंच केलं.

खरं तर मला हे घरातच शिकायला मिळालं होतं. अब्बा उर्दू शाळेत मास्तर होते. संदर्भाला ते हवाला म्हणत. मराठीत आता हवाला म्हटलं की लोकांना बेकायदा पैसाच आठवतो, पण त्यांच्या तोंडी तो शब्द रोजचा होता. कुणी येऊन काही सांगितलं की त्यांचा पहिला प्रश्न, ‘‘हवाला?’’ बाजारातल्या अफवेलाही हाच प्रश्न आणि जुम्माच्या तकरीरीलाही. आमच्याकडे हदीस सांगण्याची रीतच अशी आहे. तिचे दोन भाग. सनद आणि मतन. मतन म्हणजे मजकूर, पण त्याआधी सनद, म्हणजे हे मी अमक्याकडून ऐकलं, त्याने तमक्याकडून, अशी पार मुळापर्यंतची साखळी. मग त्या साखळीतला एकेक माणूस तपासायचा. कुठला, कधी जन्मला, कधी वारला, ज्याच्याकडून ऐकलं म्हणतो त्याची भेट होणं शक्य होतं का, स्मरणशक्ती कशी, म्हातारपणी विसरभोळा झाला होता का. या सांगणाऱ्यांच्या माहितीचे जाडजूड कोश लिहिले गेले. इमाम बुखारी 870 साली वारले. म्हणजे अकराशे वर्षांपूर्वी हे शास्त्र इतकं काटेकोर झालं होतं.

त्याच बुखारींची एक गोष्ट आमच्या लहानपणी मौलवीसाहेब सांगत. बुखारी लांबचा प्रवास करून एका माणसाकडे हदीस ऐकायला गेले. तो आपल्या सुटलेल्या घोड्याला रिकामा पदर दाखवून, दाणे आहेत असं भासवून बोलावत होता. जो जनावराला फसवतो त्याचं काय ऐकायचं, म्हणून बुखारी तसेच परतले. गोष्ट छान आहे. अब्बांनी भर मजलिसीत विचारलं, ‘‘इस किस्से का हवाला?’’ मौलवीसाहेब हसून म्हणाले, ‘‘मास्टरजी, पहले नाश्ता कर लें.’’ अब्बांना मशिदीत फारसं कुणी बोलवत नसे, त्यामागे अशी कारणं होती.

तर तिसऱ्या दिवशी मी त्या मुलीला म्हणालो, बडी नानीला भेटता येईल का? हवाला द्यायचा तर माणूस बघितला पाहिजे.

आमच्याच गावात, दोन गल्ल्या सोडून घर. इतकी वर्षं त्या दारावरून स्टेशनला जातोय. खाटेवर बसलेली, हातात तस्बीह, कान थोडे जड. वय विचारलं तर म्हणाली, पुलिस अ‍ॅक्शनमधी दस-ग्यारा साल की होऊंगी. म्हणजे आज पंचाऐंशीच्या आसपास. पणती शेजारी वही घेऊन बसली. दखनीतलं बोलणं ती ऐकता ऐकता मराठीत उतरवत होती. मी तिला मध्येच थांबवलं, जसं बोलतेय तसं आधी लिही, मराठी मग कर. कलदारची हकीकत एका भाषेतून दुसरीत जाताना हाली व्हायला वेळ लागत नाही.

म्हातारीने सांगितलं ते एवढंच. वडील मोंढ्यात हमाल. त्या दिवशी पळत घरी आले, आईने दाराला आतून कडी घातली. बँक लुटली हे कळलं, आणि लगेच पाठोपाठ गांधीजी को मारे बोलके खबर आई. घरातल्या मोठ्यांना दोन्ही बातम्यांची एकत्रच भीती वाटली. मी मनात तारीख लावली. 30 जानेवारी. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. छप्पन्न फाइलींत ही तारीख होती आणि दोन गोष्टी एकाच दिवशी घडल्या हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मग ती म्हणाली, धूपकाला था, कडक धूप. जानेवारीत कसला उन्हाळा? मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणालो, दोन्ही लिही. एका ठिकाणी आठवण तारखेशी जुळते, एका ठिकाणी जुळत नाही. पणजी आहे म्हणून सगळं खरं धरायचं नाही आणि म्हातारी आहे म्हणून सगळं टाकायचंही नाही.

हाली-कलदारचं विचारलं. तर म्हणाली, मला काय ठाऊक, म्हणूनच तर पोरीला विचारलं. बाप हमालीचे पैसे हालीत आणायचा, कलदार घरात सणासुदीलाच दिसायचा, म्हणून मनात आलं.

मग न विचारताच ती पुढच्या सप्टेंबरवर आली. पोलीस अ‍ॅक्शननंतर बापाने सगळ्यांना घेऊन निजामाबादची गाडी पकडली. काही महिन्यांनी परतले तेव्हा घराची चौकटसुद्धा जागेवर नव्हती. एवढं बोलून ती तस्बीह ओढायला लागली. बराच वेळ कुणी बोललं नाही. मुलीने पेन टेकवून ठेवलं होतं. उठताना म्हातारीने तिचा हात धरला.

‘‘लिख. पन मेरा नाम नक्को लिख, बेटा.’’

ज्या प्रश्नासाठी मी गेलो होतो, आडनाव आधी की नाव आधी, तो तिथेच संपला आणि त्याहून अवघड उभा राहिला. अब्बांच्या शास्त्रात ज्या सांगणाऱ्याचं नाव-गाव कळत नाही त्याची साखळी कमजोर धरतात. आणि इथे सांगणारी समोर बसलेली, शुद्धीत, नाव सांगायला नको म्हणणारी. पंचाहत्तर वर्षांनंतरही नको म्हणणारी.

1948 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने पाठवलेली पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांची समिती या भागात फिरली. पोलीस अ‍ॅक्शनच्या काळात आणि त्यानंतर 27 ते 40 हजार माणसं मेली असावीत असा तिचा अंदाज होता. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत नांदेड होता. तो अहवाल त्या वेळी जाहीर झाला नाही. पुढे ए. जी. नूराणींनी हैदराबादवरच्या आपल्या पुस्तकात तो पूर्ण छापला, तेही 2013 मध्ये. त्याआधी रझाकारांनी याच खेड्यांत केलेले जुलूम आमच्या पाठ्यपुस्तकांत आहेत, हुतात्म्यांच्या नावांसह आहेत, आणि ते असायलाच हवेत. दुसऱ्या बाजूचा कागद पासष्ट वर्षं कुलपात होता. त्या पासष्ट वर्षांत ज्याला त्याबद्दल लिहायचं होतं त्याने हवाला कुणाचा द्यायचा? खाटेवरच्या म्हाताऱ्यांचाच. आणि आम्ही मास्तर समासात लिहिणार, ‘संदर्भ?’

परतताना मुलगी म्हणाली, ‘‘सर, मग काढून टाकू का ते वाक्य?’’

नाही म्हणालो. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी स्टाफरूममध्ये बसून ती तळटीप तयार केली. पुस्तकात नमुना मिळाला नाही, म्हणून आपल्या अकलेने केली. मुलाखत, लेखिकेची पणजी, वय अंदाजे 85, राहणार उमरी, घरी, दखनी भाषेत, पुढे तारीख, भाषांतर लेखिकेचे, नाव सांगणारीच्या इच्छेवरून दिलेले नाही. त्याखाली एक ओळ तिने स्वतःहून घातली, की ऋतूविषयीची आठवण तारखेशी जुळत नाही. ती ओळ वाचून मला अब्बांची फार आठवण आली.

सप्टेंबरच्या भागाचं काय? असाइनमेंट बँकेवर होती, तो भाग तिने घेतला नाही. तो कागद तिच्याकडे आहे, तारखेसह. तिने काही दिवसांनी विचारलं की एम.ए.ला यावर लघुप्रबंध करता येईल का. मी लगेच हो म्हणालो नाही. घरच्यांना विचार म्हणालो. हे भित्रेपणाचं उत्तर होतं की जबाबदारीचं, ते माझं मला अजून ठरवता आलेलं नाही.

तिचे गुण सहाच राहिले. अंतर्गत गुणांची यादी सोमवारीच ऑनलाइन भरून झाली होती. दुरुस्तीला अर्ज लागतो आणि अर्जात कारणांचे ठरलेले रकाने असतात, त्यात ‘तपासणाऱ्याला कळले नाही’ असा रकाना नाही. मुक्तिसंगमवाले तेवीस जण सात-आठवर पास झाले. त्यांना मी वर्गात उभं केलं नाही. पुढच्या आठवड्यात मात्र संदर्भावर अख्खा तास घेतला, माझा काळ्या बांधणीचा लघुप्रबंध टेबलावर ठेवून. चौसष्टपैकी नऊ, हे सांगितलं. पगडींचंही सांगितलं. वर्ग एकदम शांत झाला. मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, ‘‘सर, तरी फर्स्ट क्लास?’’ आणि सगळे हसले. हसू दिलं. मग प्रत्येकाला एकच काम दिलं. कुठलंही एक पुस्तक हातात घ्यायचं, त्यातलं एक वाक्य स्वतःच्या शब्दांत लिहायचं आणि खाली ते वाक्य मला डोळे मिटून सापडेल इतका पत्ता द्यायचा. छप्पन्नपैकी एकोणीस जणांचा पत्ता बरोबर निघाला. पहिल्या वेळेला एवढे पुष्कळ झाले.

‘तत्रैव’ फळ्यावर लिहून समजावलं. लगोलग वरचाच संदर्भ पुन्हा आला तरच लिहायचं, मध्ये दुसरा आला की नाही चालत.

ती मुलगी पहिल्या बाकावर होती. म्हणाली, ‘‘सर, माझ्या तळटीपेत बडी नानी लागोपाठ दोनदा येते. मग दुसऱ्यांदा तत्रैव?’’

‘‘हो.’’

तिने वहीत लिहिलं, शेजारणीला दाखवलं, आणि तोंडावर ओढणी धरून हसायला लागली. ‘‘बडी नानी, तत्रैव.’’